साखरेच्या कणकेची हकीगत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखादी पाककृती द्यावयाची, असा आपला जुना प्रघात आहे. चिटणीसबाईंनी मला "केकवर काहीतरी लिहा" असे सांगितले, तेही बहुधा त्याच अपेक्षेने. परंतु पाककृती हल्ली कोठेही मिळते. मी गेली काही वर्षे घरच्या घरी केक सजविण्याचा, त्यातही फाँडंटच्या कामाचा सराव करीत आहे, आणि हा सराव चालू असताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो : "हे साहेबी खूळ आपल्याला कशाला हवे?" कोणी तो जिव्हाळ्याने विचारते, कोणी थोडे खोचून. त्याचे उत्तर शोधता शोधता जे वाचनात आले आणि जे हाताने करून कळले, ते भगिनींपुढे ठेवावे असे मी ठरविले.

ज्यांनी फाँडंट पाहिले नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. केकवर क्रीमऐवजी कधी कधी चादर पांघरल्यासारखे मऊ, गुळगुळीत आवरण असते आणि त्यावर फुले, बाहुल्या, मोटारी बसविलेल्या असतात. ते आवरण म्हणजे फाँडंट. बारीक पिठीसाखर, ग्लुकोजचा घट्ट पाक, थोडे ग्लिसरीन, जिलेटिन किंवा डिंक आणि किंचित वनस्पती तूप एकत्र मळून त्याचा गोळा करतात. थोडक्यात, साखरेची कणीकच म्हणा ना! ती लाटावयाची, लाटण्यावर उचलून केकवर सोडावयाची आणि तळव्याने बसवावयाची.

नाव फ्रेंच आहे. वितळणे ह्या अर्थाच्या धातूपासून ते निघाले, आणि गंमत अशी की ते मूळचे ह्या कणकेचे नव्हेच. फ्रेंच मिठाईवाले ज्याला फाँडंट म्हणत, तो एक घोटलेला पाक होता. साखरेचा पाक सुमारे ११२ ते ११६ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे आपल्या बोलीत गोळीबंद होईपर्यंत उकळावयाचा, न हलविता कोमट होऊ द्यावयाचा आणि मग एकसारखा घोटावयाचा. घोटता घोटता तो काचेसारखा पाक दुधासारखा पांढरा होतो. त्यात साखरेचे कण जमतात खरे, पण इतके सूक्ष्म की जिभेला खर लागत नाही, तोंडात ते विरघळतात. पाक गरम असताना हलविला तर कण मोठे होतात आणि सारा घाट फसतो. थोडे ग्लुकोज किंवा लिंबाचा रस घातला की कणांना मोठे होण्यास अडथळा येतो.

आता ह्याच्या शेजारी आपला संक्रांतीचा हलवा ठेवून पाहा. मंद शेगडीवर परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यावयाचा आणि थोडा थोडा पाक सोडीत बोटांनी फिरवीत राहावयाचे, तेव्हा कोठे दाण्याला काटा फुटतो. पाक तोच, साखर तीच. फाँडंट करणाराला कण दिसता कामा नये, आणि हलवा करणारीला तो काट्याच्या रूपाने मिरवावयाचा असतो. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर घालावयाचे हलव्याचे दागिने, बोरन्हाणाच्या वेळी बाळाच्या डोक्यावर चढणारा मुकुट, हे साखरेचे कोरीव काम आपल्या घरांतून बायकांनी केले. त्याला कोणी कला म्हटले नाही, ही गोष्ट वेगळी.

साहेबी खूळ म्हणणाऱ्यांना मी एवढेच दाखविते की साखर मुळी साहेबाची नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रात उसापासून होणाऱ्या पदार्थांची यादी आहे : फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. ह्यांतील शर्करा इराणात आणि अरबस्तानात जाऊन युरोपात शुगर झाली, आणि खंडाची कँडी झाली. फाणिताचा प्रवास मात्र मला सर्वांत मौजेचा वाटतो. फार्सीत पानीद, अरबीत फानीद, आणि पुढे 'अल' हा अरबी उपपद लागून पोर्तुगीज भाषेत आल्फेनिम, स्पॅनिशमध्ये आल्फेनिके. हा शब्द तेथे साखरेच्या मऊ कणकेसाठी आणि तिच्यापासून केलेल्या मूर्तींसाठी वापरतात. स्पॅनिश लोकांबरोबर तो मेक्सिकोस गेला. नोव्हेंबरच्या आरंभी मेक्सिकोत पितरांचा सण असतो, त्यावेळी साखरेच्या कवट्या आणि प्राणी करून मांडतात, त्यांचे नाव आजही आल्फेनिकेच आहे.

साखरेला आकार देण्याची हौस प्रथम राजांनी केली, कारण साखर परवडत होती ती राजांनाच. नासिर-इ-खुस्रो हा इराणी प्रवासी अकराव्या शतकाच्या मध्यास कैरोस गेला होता. तेथील सुलतानाच्या मेजवानीत त्याने फांद्या, पाने आणि फळांसह साखरेचे केलेले नारिंगाचे झाड पाहिले. युरोपात ह्या कणकेची लिखित कृती १५५५ साली व्हेनिस येथे निघालेल्या, आलेस्सिओ पिएमोंतेसे ह्या नावाने छापलेल्या 'गुपितां'च्या पुस्तकामुळे सर्वत्र पसरली. कतिऱ्याच्या जातीचा डिंक गुलाबपाण्यात भिजवावयाचा, त्यात लिंबाचा रस, अंड्याचा पांढरा भाग आणि वस्त्रगाळ साखर घालून मळावयाचे. त्याच्या ताटल्या, पेले करावयाचे आणि जेवण आटोपल्यावर तेच खाऊन टाकावयाचे. ह्या कृतीत आणि आजच्या साखरेच्या फुलांच्या कणकेत फारसा फरक नाही. १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिस येथे आला असता त्याच्यासमोर जो फराळ मांडला, त्यातील पाव, ताटल्या, एवढेच काय हात पुसावयाचे रुमालदेखील साखरेचे होते. राजाने रुमाल उचलला आणि तो त्याच्या हातातच मोडला, असे सांगतात.

राजवाड्यातून ही कला बाहेर कशी पडली, ह्याचे उत्तर ज्या बाईच्या चरित्रात मला सापडले, तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहिते. तिचे नाव एलिझाबेथ रॅफल्ड. इंग्लंडातील चेशायर परगण्यात आर्ली हॉल नावाच्या मोठ्या घराण्यात ती घरव्यवस्थापक म्हणून नोकरीस होती. तेथील मुख्य माळ्याशी १७६३ साली तिने लग्न केले आणि नवराबायको मँचेस्टर शहरात आली. तेथे तिने मिठाईचे आणि तयार खाद्यपदार्थांचे दुकान घातले, घरकामास माणसे मिळवून देण्याची कचेरी चालविली, आणि १७६९ साली आगाऊ वर्गणीदार मिळवून गृहिणींसाठी पाकशास्त्रावर एक पुस्तक काढले. नंतर १७७२ साली मँचेस्टरमधील व्यापाऱ्यांच्या नावापत्त्यांची पहिली सूचीही तिनेच छापली! १७८१ साली ती वारली. असा उरक पाहिला म्हणजे आपणच आळशी वाटू लागतो.

तिच्या पुस्तकात लग्नाच्या केकची कृती आहे. चार पौंड पीठ, चार पौंड लोणी, दोन पौंड साखर आणि दर पौंड पिठास आठ ह्या हिशेबाने बत्तीस अंडी. केकवर आधी बदामाचा थर, आणि त्यावर साखरेचा पांढरा थर. असा दुहेरी थर सांगणारी छापील कृती तिच्याआधी आढळत नाही; आजही इंग्रजी पद्धतीच्या लग्नाच्या केकवर हेच दोन थर असतात. आणखी एक बारीक गोष्ट माझ्या ध्यानात आली. साखरेच्या थरासाठी दोन पौंड शुभ्र साखरेत दोन औंस स्टार्च मिसळून ती जाळीदार कापडाच्या चाळणीने चाळावी, असे तिने लिहिले आहे. आपण दुकानातून आयसिंग शुगरची पुडी आणतो तिच्यावर मक्याच्या स्टार्चचे नाव असते, तेही गुठळ्या होऊ नयेत म्हणून. घरी मिक्सरमधून साखर काढणाऱ्या भगिनींनी वाटीभर साखरेस चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून पाहावे. युक्ती अडीचशे वर्षांची आहे.

परंतु रॅफल्डबाईच्या वेळी इंग्लंडातील सामान्य घरांत पांढरी साखर पोचली ती कशी, हे न सांगता पुढे जाणे मला बरे वाटत नाही. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून उसाचे मळे पिकविले जात होते, म्हणून ती स्वस्त झाली होती. केकवरच्या त्या शुभ्र थराखाली हे होते. ह्या गोष्टीस पहिला घरगुती विरोधही साखरेच्या भांड्यापाशीच झाला. १७९१ पासून इंग्लंडातील कितीतरी कुटुंबांनी गुलामांच्या मळ्यातील साखर वर्ज्य केली. मताचा अधिकार नसलेल्या बायकांच्या हाती स्वयंपाकघर होते, त्यांनी ते वापरले. १८२४ साली लेस्टर येथील एलिझाबेथ हेरिक ह्या बाईने गुलामगिरी हळूहळू नव्हे, ताबडतोब बंद करा अशी मागणी करणारे पुस्तक लिहिले आणि तिच्या सहकारी बायका घरोघर जाऊन साखर सोडण्यास सांगत. त्या काळातील चिनी मातीची साखरदाणी संग्रहालयांतून पाहावयास मिळते. हिच्यातील साखर हिंदुस्थानातून आलेली असून गुलामांनी केलेली नाही, असे तिच्यावर लिहिलेले असते. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला. (हिंदुस्थानातील मजुराची स्थिती तेव्हा फार सुखाची होती असे नव्हे, हेही लक्षात ठेवावयास हवे.)

एकोणिसाव्या शतकाविषयी थोडक्यात सांगते. पॅरिसच्या कारेमने साखरेच्या कणकेतून देवळे आणि भग्न मनोरे उभारले. १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाचा केक सुमारे तीनशे पौंडांचा होता. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेल्या त्या पांढऱ्या थरास पुढे रॉयल आयसिंग हेच नाव रूढ झाले. तो वाळला की दगडासारखा कठीण होई. त्यावर नळीने जाळ्या, झालरी काढणे हे पुरुष कारागिरांचे काम होते, आणि ते शिकण्यास वर्षे जात. घरच्या बाईने त्यात हात घालावा असे ते नव्हतेच.

दुसऱ्या महायुद्धात ह्या सगळ्या थाटाला खीळ बसली. ब्रिटनमध्ये १९४० च्या जानेवारीत साखरेवर रेशन आले आणि ऑगस्टपासून केकवर साखरेचा थर देण्यासच बंदी झाली. लग्ने मात्र थांबली नव्हती. मग बेकरीवाल्यांनी पुठ्ठ्याचे आणि प्लास्टरचे तीन मजली पांढरे केक करून ठेवले. वधूवरांनी ते भाड्याने आणावयाचे, फोटो काढावयाचा, आणि झाकण उचलले की खाली शेजारपाजारच्यांच्या कुपनांवर जमविलेल्या साखरेचा एक लहानसा केक! हे वाचताना आपल्याकडील रेशनची साखर आठवली. दिवाळीच्या अनारशांसाठी महिना-महिना चहा गुळाचा करून साखर बाजूस ठेवणाऱ्या बायका आमच्या घरातच होत्या. १९४७ च्या नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथ हिचे लग्न झाले, तेव्हाही रेशन चालूच होते. तिच्या नऊ फूट उंच केकसाठी ऑस्ट्रेलियातील गर्ल गाइड मुलींनी साहित्य धाडले होते. ब्रिटनमधील साखरेचे रेशन उठले ते १९५३ च्या सप्टेंबरात.

ह्याच सुमारास ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत गृहिणी एका निराळ्या पद्धतीने केक सजवू लागल्या होत्या. नळीने थर देण्याऐवजी साखरेची कणीक लाटून केकवर पसरावयाची. त्यांनी तिला प्लास्टिक आयसिंग असे नाव दिले होते. प्लास्टिक म्हणजे वाकेल तशी वाकणारी. आपण आज फाँडंट म्हणतो ते हेच. ही पद्धत घरोघरच्या वर्गांतून, प्रदर्शनांतून, एकीकडून दुसरीकडे गेली. ब्रिटनमध्ये १९८० नंतर ती इतकी पसरली की रॉयल आयसिंग मागे पडले. हौशी आणि व्यावसायिक अशा दोघांचाही समावेश असलेला तेथील शुगरक्राफ्ट गिल्ड १९८१ साली स्थापन झाला. अमेरिकेत शिकागो येथे विल्टन नावाच्या गृहस्थांनी १९२९ साली आपल्या घरात केक सजविण्याचे वर्ग काढले होते, त्यातून पुढे मोठी शाळा झाली. पण ते मुख्यतः क्रीमचे काम.

फाँडंट घरात का रुजले, ह्याविषयी माझे एक मत आहे. ह्या कणकेचा सराव करता येतो. क्रीमचे फूल बिघडले तर खरवडून काढावे लागते, वाळलेले रॉयल आयसिंग मोडले तर गेले. फाँडंट मात्र ओले आहे तोवर पुन्हा मळावे आणि पुन्हा लाटावे. एकच अर्धा किलोचा गोळा पिशवीत नीट बांधून ठेवला तर त्यावर आठवडाभर हात बसविता येतो. त्यास केकही लागत नाही. मी सराव केला तो स्टीलचा डबा पालथा घालून. आठ इंच रुंद आणि चार इंच उंच केकास सर्व बाजूंनी झाकावयाचे तर सोळा इंचांहून थोडी मोठी पोळी हवी, तीन-चार मिलिमीटर जाडीची, कडेला पातळ आणि मध्ये जाड अशी नको. हे वाचून कोणास धसका बसेल, पण पुरणपोळी लाटणारीस तो बसू नये. सारखी जाडी, न चिकटता फिरविणे, लाटण्यावर अलगद उचलणे, हे सारे आपल्या हातास ठाऊकच आहे; फक्त खाली तांदळाच्या पिठीऐवजी कॉर्नफ्लोअर असते. कडेच्या निऱ्या मात्र दाबू नयेत, खालून उलगडून सरळ कराव्यात. फार वेळ उघडे राहिले तर पृष्ठभागावर हत्तीच्या कातड्यासारख्या भेगा पडतात. वनस्पती तुपाचे बोट लावून मळले की त्या जातात.

आपल्या हवेत एक अडचण मोठी आहे. साखर हवेतील पाणी ओढून घेते. इंग्रजी पुस्तकांत लिहिले आहे तसे फूल रात्रभर ठेवून वाळते, ते मुंबईकोकणात जुलै महिन्यात चार दिवसांतही वाळत नाही, उलट मान टाकते. फाँडंट लावलेला केक फ्रिजमधून काढला की त्यास घाम सुटतो. दुसरी अडचण शाकाहारी घरांची. जिलेटिन हे जनावरांच्या हाडाकातड्यापासून होते, म्हणून कित्येक घरांत ते चालत नाही. तेथे चायना ग्रास आणि डिंकाच्या जातीची पूड घालून कणीक करतात. ती जरा कमी ताणली जाते, पण काम होते. रॉयल आयसिंगमधील अंड्याचा प्रश्न पुण्याच्या प्राची धबल देब यांनी सोडविला. अंड्याशिवायच्या आयसिंगवर त्यांनी काम केले आणि मिलान येथील प्रार्थनामंदिराची सुमारे शंभर किलो वजनाची प्रतिकृती त्यातून उभी केली. २०२२ साली तिची जागतिक विक्रमांच्या एका पुस्तकात नोंद झाली. परक्या देशाची कृती आपल्या स्वयंपाकघरात आली की ती थोडी बदलते, आणि बदललेली कृती मूळ देशालाही उपयोगी पडू शकते, हे ह्यावरून दिसते.

आपल्या घरांत ही विद्या फार अलीकडे आली. अमेरिकेतील आणि इंग्लंडातील केकचे कार्यक्रम २००९-१० पासून दूरचित्रवाणीवर गाजले, मग मोबाइलवरील चित्रफितींनी घरबसल्या शिकण्याची सोय झाली, आणि २०२० च्या टाळेबंदीत बेकऱ्या बंद असताना कितीतरी जणींनी घरी भट्ट्या पेटविल्या. त्यांतील पुष्कळजणी आज त्यावर चार पैसे मिळवितात. विक्री करावयाची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी लागते, हे अनेकींना ठाऊक नसते, म्हणून येथे मुद्दाम सांगते.

किमतीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. साखरेचा एक पूर्ण उमललेला गुलाब करावयाचा तर आधी मधला गाभा करून वाळवावा लागतो. मग तीन, पाच आणि सात अशा पाकळ्या, प्रत्येक पाकळी कडेला कागदाइतकी पातळ. वाळविण्याचा वेळ सोडून मला एका गुलाबास पाऊण तास लागतो. तरीही ओळखीचे माणूस किंमत ऐकून म्हणते, "घरीच तर करता!" दुकानदारास हे वाक्य कोणी ऐकवीत नाही. रुखवताचे तसेच. महिना महिना खपून मुलीची आई, मावश्या, काकू ते मांडतात, पाहुणे एक फेरी मारून "छान आहे हो" म्हणतात, आणि मांडवाच्या खर्चाच्या वहीत त्या श्रमाचा आकडा येत नाही. रॅफल्डबाईने मात्र आपल्या पुस्तकाचे हक्क १७७३ साली चौदाशे पौंडांस विकले होते!

मंडळात फाँडंटचा वर्ग काढावा असा विचार कार्यकारिणीपुढे आहे. तो झालाच तर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर सुरू करावा. प्रत्येकीने आपले हातचे लाटणे, एक गुळगुळीत पाट आणि पालथा घालण्यास एक डबा आणावा. साचे विकत घेण्याची घाई करू नये. साखर आणि ग्लुकोज मंडळाने घाऊक आणले तर स्वस्त पडेल. आणि संक्रांतीच्या आठवड्यात एक दिवस हलव्याचे दागिने येणाऱ्या आजींना शिकविण्यास बोलवावे. काटा कसा फुटतो हे मला अजून त्यांच्याइतके साधलेले नाही, आणि ते शिकावयाचे आहे.